आमची पिकअप डावीकडे का ओढते

मरोदा, भिलाई
रविवार दुपार (भांडी पडली आहेत, पडू देत)

वसुंधराताईस धाकट्या बहिणीचा मनापासून जय भीम. भाऊजींनाही सांग. तुझा गुडघा आता कसा आहे? मागे तू म्हणाली होतीस की जिना उतरताना दुखतो, चढताना दुखत नाही. तर माझं ऐक, एकदा चढलीस की वरच राहत जा. भाऊजींनी मीठ सोडलं का, की अजून डॉक्टरांसमोर सोडतात आणि घरी येऊन धरतात? प्रांजलीच्या लग्नाची धावपळ चालली असेल, त्यात माझं लांबलचक पत्र वाचायला तुला सवड कुठली. पण लग्नघरात मुलीच्या आईला घटकाभर बसायला काहीतरी निमित्त लागतं, ते मी पाठवते आहे असं समज. आमच्याकडे सगळे ठीक. साक्षी रायपूरला शिकते आहे. घरी आली की तिला भूक मराठीत लागते आणि भांडण हिंदीत सुचतं. सासूबाईंची तब्येत उत्तम आहे, आणि त्यामुळे बाकीच्यांची बेताची.

फोन का नाही केला, असं तू म्हणशीलच. ताई, फोनवर मी गाडीचा विषय काढला की आतल्या खोलीतून तुझे जावई नरेशराव (नवऱ्याला पत्रात तरी मान देते) माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करायला घेतात. स्टील प्लांटात मेंटेनन्सला राहून माणसाची ही गत होते: चालत्या गोष्टीकडेही संशयानं बघायचं, आणि बंद पडली की समाधानानं. कागदाला मागची खोली नसते, म्हणून पत्र.

तर विषय आपल्या पिकअपचा. नेहरू नगरच्या कोचिंगवाल्या मुलांच्या दोन होस्टेलांना दुपारचं जेवण माझ्या स्वयंपाकघरातून जातं हे तुला माहीत आहे. भाताच्या, वरणाच्या डेगी, भाजीची पातेली, पोळ्यांचे डबे, सगळं त्या जुन्या पिकअपमधून. चालवायला बाबुलाल होता. तो "दू दिन म आवत हँव भौजी" असं म्हणून धान कापायला गावी गेला. धान कापून झालं, मळून झालं, लोकांनी नव्या तांदळाचा भात खाऊन ढेकरही दिली, बाबुलालचे दोन दिवस काही संपले नाहीत. रोज कोणाच्या तरी पाया पडून गाडी पाठवायची आणि मुलांनी दुपारी तीनला जेवायचं, असं किती चालणार? म्हणून मी सिविक सेंटरजवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, छोट्या गाडीवर शिकले, परीक्षा दिली आणि लायसन्स काढलं. (त्यावरचा फोटो बघू नकोस. गाडी चोरताना पकडल्यासारखा आहे.)

पिकअप हातात घेतली आणि पहिल्याच दिवशी कळलं की ही बाई स्वतःच्या मनानं चालते. स्टिअरिंगवरची पकड जरा सैल केली की गाडी डावीकडे निघाली. आणि रस्त्याच्या डावीकडे काय असतं? पानठेले. मरोद्यापासून नेहरू नगरापर्यंतच्या प्रत्येक पानठेल्याला ती वाकून नमस्कार करायला जायची आणि मी तिला पदराला धरून परत ओढायची. घरी येईपर्यंत माझे दोन्ही खांदे असे भरून यायचे की संध्याकाळी पोळ्या लाटताना पोळपाटही डावीकडे जातो आहे असं वाटायचं. शिवाय पुढचं डावं टायर बघितलं तर एका कडेला गुळगुळीत, दुसऱ्या कडेला नव्यासारख्या नक्ष्या. जणू एकाच टायरचा अर्धा भाग नोकरीवर जातो आणि अर्धा रजेवर असतो.

मी नरेशरावांना दाखवलं. ते फाटकापाशी उभे होते आणि दुर्दैवानं शेजारचे दोघेतिघेही होते. (प्रेक्षक असले की आपल्याकडच्या पुरुषाला निदान पटकन सुचतं.) टायरकडे न बघता माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "गाडी नाही ओढून राहिली, तुहा हात ओढून राहिला. बाईचा हात हलका असते." मी विचारलं, टायर पण माझ्याच हातानं घासलं का? तर म्हणाले, "हात कच्चा असला का टायर जातेच." मग मी त्यांनाच बसवलं गाडीत आणि शेजारी बसले. चौकाच्या आधी गाडी डावीकडे गेली. म्हणाले, खड्डा चुकवला. खड्डा नव्हता. पुढे परत गेली. म्हणाले, मागच्याला साइड दिली. मागे एक गाय होती, ताई, आणि तिला घाई नव्हती. म्हणजे बघ, त्यांनी चालवली तर साइड, मी चालवली तर हात कच्चा.

घरी आल्यावर भांडण झालं आणि भांडणाला सासूबाई न्यायाधीश म्हणून बसल्या. (त्यांना कोणी नेमलं नव्हतं. त्या आपोआप नेमल्या जातात.) निकाल असा ठरला: गाडीत दोष निघाला तर यापुढे गाडी मी चालवायची, कोणी चकार शब्द काढायचा नाही. दोष नाही निघाला तर नरेशराव दुसरा ड्रायव्हर बघणार, किल्ली त्याच्याकडे जाणार, आणि मी परत चुलीपुढे घड्याळ बघत बसणार. आता तुला सांगते, ताई, आजवर मी या घरात पुष्कळ गोष्टी हरले, रिमोट हरले, खिडकीची जागा हरले, त्याचं मला काही वाटलं नाही. पण त्या स्टिअरिंगमागे बसून हायवेवर चढताना जे वाटतं ना, ते मला या वयात मिळालं होतं. ते मी टायरच्या एका कडेपायी सोडणार नव्हते.

गॅरेजात न्या म्हटलं तर नरेशराव असे चमकले जसं मी त्यांना माहेरी जा म्हटलं. जो माणूस आख्खी मिल चालू ठेवतो तो एका पिकअपसाठी गॅरेजात जाईल? प्लांटात तोंड कसं दाखवील? त्याऐवजी त्यांनी अमरदीपभाऊंना बोलावलं. अमरदीपभाऊ म्हणजे त्यांचे जिवलग मित्र, रेल्वेत आहेत, रुळांच्या कामावर. स्वभावानं सोन्यासारखे, पण त्यांना जगातला कुठलाही आजार रुळांमुळेच होतो. ते गाडीभोवती फिरले, टायरवर हात फिरवला, मग रस्त्यावर उकिडवे बसून एक डोळा मिटून रस्त्याकडे बघत राहिले. म्हणाले, "वहिनी, गाडी एकदम बरोबर आहे. तुमचा रस्ताच कलता आहे. पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतार देतात, तिकडंच गाडी जाऊन राहिली." खरं खोटं कसं करायचं? तर रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवून बघायची. उजवीकडे ओढली तर दोष रस्त्याचा. दुपारच्या सामसूम वेळी, कॉलनीच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर, मी उलट्या बाजूनं गाडी चालवली. गाडी उजवीकडे नाही गेली. ती रस्ता ओलांडून आपल्या लाडक्या डाव्या कडेकडे निघाली, आणि समोरून मोटरसायकलवर एक हवालदार आले. त्यांनी विचारलं, "मॅडम, ये क्या चल रहा है?" अमरदीपभाऊ खिडकीतून ओरडले, "साहब, टेस्टिंग चल रहा है!" हवालदारांनी आमच्याकडे बघितलं, डेगींकडे बघितलं, मागे बसलेल्या सासूबाईंकडे बघितलं (त्या न्यायाधीश म्हणून प्रत्यक्ष पाहणीला आल्या होत्या), आणि घरी जायला सांगितलं. मला वाटतं माझं नशीब म्हणून सासूबाई सोबत होत्या. त्यांना बघून सरकारी माणूस सहसा वाद वाढवत नाही.

रस्ता निर्दोष सुटला. मग नरेशराव सुतळी घेऊन उतरले. ताई, सुतळी हा प्लांटवाल्यांचा धर्मग्रंथ समज. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली, ओळंबा सोडला, खडूनं अंगणभर रेघा मारल्या. शेजारच्या बायकांना वाटलं प्रांजलीच्या लग्नाचा मांडव आमच्याच दारात पडतो आहे. मोजता मोजता असं निघालं की डावीकडे पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर उजवीकडच्यापेक्षा अंगठाभर कमी आहे. म्हणजे पुढचं डावं चाक जरा मागे सरकलेलं. मला ही मोठी गोष्ट वाटली. ज्या चाकावर मी बोट ठेवत होते तेच चाक जागेवर नव्हतं! पण नरेशराव म्हणाले, "सुतळी ओली होती, ताणली गेली." मग त्यांनी चाकं सरळ करायचा नट फिरवला, डावं टायर उजवीकडे आणि उजवं डावीकडे घातलं, हात झटकले आणि म्हणाले, "आता चालव." मी चालवली. गाडी डावीकडेच गेली, फक्त आता सरळ जाताना स्टिअरिंग तिरकं दिसत होतं. आणि थोड्याच दिवसांत नवं आलेलं टायरही त्याच कडेला घासायला लागलं. सून बदलून काय होतं, सासर तेच. नरेशरावांचा निष्कर्ष मात्र तयार होता: दोन्ही टायरं एकाच हातानं बिघडली, तर दोष हाताचाच. आणि त्यांनी खरंच एका ड्रायव्हरला सोमवारी भेटायला बोलावलं.

त्या रविवारी (म्हणजे मागच्या) मी मनात शोकसभा भरवून डेगी घासत बसले होते. वरणाची डेग हातात होती. तुला माहीत आहे, वरण जिथपर्यंत असतं तिथे हळदीची पिवळी रेघ पडते. ती रेघ मी रोज घासते आणि रोज बघत नाही. त्या दिवशी बघितली. रेघ तिरकी होती. एका बाजूला काठाच्या अगदी जवळ आणि दुसऱ्या बाजूला चार बोटं खाली. दुसरी डेग बघितली, तीही तशीच. मला आधी वाटलं रस्त्यात हिंदकळून झालं असेल. पण हिंदकळल्यानं शिंतोडे उडतात, अशी आखल्यासारखी रेघ पडत नाही. गाडी होस्टेलसमोर उभी राहते, वाढणारे येईपर्यंत वरण स्वस्थ बसलेलं असतं. स्वस्थ बसलेलं वरण तिरकं बसतं कसं?

हात न धुता उठले. आमचं अंगण तर तुला आठवत असेल, नरेशरावांनी स्वतः लेव्हल लावून घातलं आहे. पाहुण्यांसमोर गोटी ठेवून दाखवतात की बघा, हलते का. गाडी त्याच अंगणात उभी होती. मी पोळ्यांची मोठी परात घेतली, गाडीच्या हौद्यात ठेवली आणि तांब्याभर पाणी ओतलं. पाणी सगळं डावीकडे जाऊन बसलं. उजवीकडे परात कोरडी. मी सगळ्यांना हाक मारली. अमरदीपभाऊ रविवारचे चहाला आलेलेच होते. नरेशराव परातीकडे बघून म्हणाले, "परात वाकडी आहे." मी परात फिरवली. पाणी डावीकडे. परत फिरवली. डावीकडे. सासूबाईंना अमरदीपभाऊंनी हात धरून वर चढवलं, त्यांनी पाण्यात बोट बुडवून बघितलं, (पाण्याची साक्ष काढली म्हण) आणि म्हणाल्या, "कावून रे नरेश, पाण्याचा बी हात कच्चा हाय का?"

गाडी डावीकडे कलली होती. आता का कलली? अमरदीपभाऊ खाली वाकले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. आले ते हसतच. ताई, तुझ्या जावयांचा एक नियम आहे, जे हलतं ते वेल्ड करायचं. पिकअपचं काही खडखडलं की त्यावर एक पट्टी. पायदान हललं, पट्टी. मडगार्ड वाजलं, पट्टी. पत्रा गंजेल अशी शंका आली, पट्टी. शंका आली नाही, तरी पट्टी उरली आहे म्हणून पट्टी. दुसरीकडचे लोक गाडीला लिंबू-मिरची बांधतात, आमच्या भिलाईत लोखंड बांधतात. वर्षानुवर्षांच्या त्या पट्ट्या अमरदीपभाऊंनी एकेक मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली, कारण त्या सगळ्याच्या सगळ्या डावीकडे होत्या. पुढच्या चाकाभोवती तर लोखंडाची वस्तीच होती.

"एकाच बाजूनं कावून लावल्या बे?" त्यांनी विचारलं. उत्तर सासूबाईंनी दिलं. त्या म्हणाल्या, "तिकडच्या बाजूनं तार पुरेच नाही त्याची." आणि मला सगळं दिसलं. वेल्डिंग मशीन अमरदीपभाऊंचं, त्याची वायर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून येते, गाडी नेहमी एकाच तोंडानं उभी असते, खिडकीकडे तिची डावी बाजू. वायर जेवढी पुरली तेवढी गाडी मजबूत झाली. त्या वजनानं डावीकडची कमानी (त्या लोखंडी पट्ट्यांचा पाटा, ज्यावर गाडी बसते) दबून सपाट झाली, सपाट झाली तशी लांबली, आणि तिनं चाक मागे ढकललं. म्हणून गाडी डावीकडे ओढते, म्हणून टायर घासतं. सुतळी खरं बोलत होती, ताई. आमच्या घरात खरं बोलणाऱ्याला ओली म्हणतात.

नरेशराव इतक्यात हरतात थोडेच. म्हणाले, ट्रक तोलतात त्या धर्मकाट्यावर नेऊ. नेलं. तिथे आधी फक्त डावी चाकं काट्यावर घेतली, मग फक्त उजवी. काटेवाला खुर्चीतून उठून बघायला आला आणि मला म्हणाला, "आधा गाड़ी तौलवाहू का भौजी?" डाव्या बाजूला जास्तीचं वजन निघालं ते साधारण मी आणि सासूबाई, दोघींच्या बरोबरीचं. सासूबाईंना ही तुलना आवडली नाही, पण निकाल त्यांनी तिथेच, काट्यावर उभं राहून दिला, "गाडी प्रेरणा चालवीन. तू ड्रायव्हरले फोन कर का येऊ नको म्हणून." नरेशराव म्हणाले, हा दोष नाही, ही जास्तीची मजबुती आहे. पण फोन केला.

कमानी सुपेल्याच्या कमानीवाल्याकडे नेऊन परत वाकवून घेतली, चाक जागेवर आलं. राहिल्या पट्ट्या. मी म्हटलं, कापून काढा. ताई, त्यांचा चेहरा बघवेना. ज्यानं उभी हयात लोखंड घडवणाऱ्या मिलची सेवा केली त्याला लोखंड कापून फेकायला सांगणं म्हणजे शेतकऱ्याला उभं पीक नांगरायला सांगणं. शेवटी त्यांनी त्यांच्या पद्धतीनं तोडगा काढला. लांब वायर आणली आणि उजवीकडेही तेवढ्याच पट्ट्या लावल्या. आता गाडी सुतळीसारखी सरळ जाते. (कोरड्या सुतळीसारखी.) डिझेल मात्र बाळंतिणीसारखी पिते, आणि उड्डाणपुलावर चढताना मध्येच विचारात पडते.

परवा नरेशराव शेजारी बसून आले. हायवेला मी त्यांच्यासमोर स्टिअरिंगवरचे दोन्ही हात अगदी क्षणभर उचलले. गाडी पानठेल्यासमोरून मान न वाकवता गेली. ते म्हणाले, "हात ठेव, हात ठेव," आणि स्वतःच्या पायाखालचा नसलेला ब्रेक होस्टेलपर्यंत दाबत आले. आणि काल सकाळी मी गाडी काढायला गेले तर उजवीकडचा आरसा माझ्या उंचीला बसवलेला होता. बाबुलालच्या उंचीचा नाही, त्यांच्या स्वतःच्याही नाही, माझ्या. आणि पुन्हा कोणी हलवू नये म्हणून वेल्ड केलेला. ताई, लग्नाला एवढी वर्षं झाली, या माणसानं मला एक गजरा आणला नाही. पण आरसा वेल्ड करून दिला. मी तिथेच गाडीत बसून जरा वेळ काढला, मग वरण थंड होईल म्हणून निघाले.

तुझी,
प्रेरणा

ता. क. प्रांजलीच्या लग्नाला आम्ही पिकअपनं येतो आहोत, गाडी मी चालवणार. डेगी, पराती, झारे सगळं आणते, तुमसरला भांडी भाड्यानं घेऊ नकोस. पुढे सासूबाई बसतील, मागे डेगी धरून नरेशराव.

ता. क. दुसरं. तुझ्या अंगणाला येण्याजाण्याचं एकच फाटक आहे ना? तर मागच्या बाजूचं तारेचं कुंपण आम्ही यायच्या आधी काढून ठेव. ताई, मला गाडी मागे घेता येत नाही. शिकले त्या छोट्या गाडीला मागे काच होती, इथे मागे डेगीच दिसतात. आणि आरसा उंचीला बरोबर बसला आहे, कोनाला नाही, त्यात मला स्वच्छ आकाश दिसतं. इथे कोणाला पत्ता नाही. होस्टेलला इमारतीभोवती वळसा घालते, घरी मागच्या गल्लीनं आत येते आणि पुढच्यानं बाहेर जाते. सगळे पुरुष एवढे दिवस गाडी पुढे जाताना कुठे ओढते तेच बघत राहिले, मागे जाते का हे कोणी विचारलंच नाही.

ता. क. तिसरं. भाऊजींना हे पत्र सहीपर्यंतच वाचायला दे. कुंपणाचं कोणी विचारलं तर मांडवासाठी काढलं म्हण. आणि मांडव जरा एका अंगाला घाल, मला सरळ पुढे, कुंपणाच्या वाटेनंच बाहेर पडायचं आहे.